आरसी विमानांनंतर पूर्ण आकाराच्या विमानांचा सिम्युलेटर: कोणता घेऊ?

बाल्साप्रेमी:

नमस्कार मंडळी. मी बरीच वर्षं आरसी, म्हणजे जमिनीवरून रेडिओने चालवायची छोटी विमानं बांधतो आणि उडवतो. आरसीचा सिम्युलेटर संगणकावर आहेच. नवं मॉडेल हवेत सोडण्याआधी त्यावर बोटं सैल करून घेतो. पण त्यात मी कायम जमिनीवर उभा आणि विमान लांब कुठेतरी. आता मला आत बसायचंय. पूर्ण आकाराचं विमान, समोर पॅनल, काचेबाहेर क्षितिज.

शोधायला बसलो तर नावांचा ढीग लागला: मायक्रोसॉफ्टचे दोन, एक्स-प्लेन, फ्लाइटगिअर, एअरोफ्लाय, डीसीएस, प्रीपेअरथ्रीडी. प्रत्येकाचे भक्त आपलाच खरा म्हणतात.

मला जेट एअरलायनरचं फारसं वेड नाही. सेसना, पायपर अशी एका इंजिनाची छोटी विमानं हाताने उडवायची आहेत, आणि मुख्य म्हणजे आडव्या वाऱ्यात नीट उतरवता यायला हवीत. ऑटोपायलट लावून तासन् तास बसणं नको.

संगणक: सहा कोरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, २७ इंची एकच मॉनिटर. इंटरनेट आहे, पण संध्याकाळी मंदावतं आणि मी बसणार संध्याकाळीच.

शंका अशा. सिम्युलेटर कोणता? माझा आरसी ट्रान्समीटर यूएसबीने जोडता येतो, त्यावर भागेल का? रडर पेडल (शेपटीचं उभं पातं पायाने वळवणारी) खरंच लागतात की ती हौस? आणि उद्या खऱ्या विमानात बसायची संधी आली तर यातलं काही उपयोगी पडेल का?

निळीवाट:

मी तरी डोळे झाकून मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ सांगेन. उपग्रहचित्रांवर उभं केलेलं जग, ढग, पाऊस, पहाटेचा उजेड, याला तोड नाही. आपण पाहिलेला डोंगर काचेतून ओळखू येतो तेव्हा अंगावर काटा येतो. शिवाय त्यात करिअर मोड आहे, म्हणजे लायसन्सपासून सुरुवात करून कामं घेत पुढे जाता येतं.

एकच अडचण तुम्ही स्वतःच लिहिली आहे, इंटरनेट. २०२० च्या आवृत्तीत मूळ गोष्टी डिस्कवर उतरवाव्या लागत, जागा १५० जीबी सांगितलेली. २०२४ मध्ये ती ५० वर आणली आहे, कारण बाकीचं उडता उडता सर्व्हरवरून येतं. लाइन मंदावली की जमीन धूसर होते. तेवढं सांभाळता आलं तर हाच घ्या.

उजवीसीट:

बाल्साप्रेमी, मी फ्लाइंग इन्स्ट्रक्टर आहे. शिकणाऱ्याच्या उजव्या बाजूला बसायचं, हे माझं रोजचं काम. घरी सिम्युलेटर उडवून आलेली मुलं माझ्याकडे नेहमी येतात. त्यांचं काय पक्कं झालेलं असतं आणि काय मोडून पुन्हा शिकवावं लागतं, हे जवळून बघते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही काय हवं ते स्पष्ट लिहिलंत, त्याने निम्मं काम झालं. छोटं विमान, हाताने, आडव्या वाऱ्यात उतरवणं. यासाठी माझं मत एक्स-प्लेन १२. पण त्याच्याही आधी रडर पेडल. दोन्ही एकदम जमत नसेल तर पेडल आधी घ्या आणि फुकटचा फ्लाइटगिअर किंवा एक्स-प्लेनचा डेमो वापरा. कोणत्या सिम्युलेटरात बसता यापेक्षा पाय काय करतात, याने तुमच्या कामात जास्त फरक पडणार आहे.

एक्स-प्लेन का, ते सांगते. ऑस्टिन मेयर यांनी १९९५ मध्ये तो मॅकसाठी काढला आणि त्याचा पाया तेव्हापासून तोच आहे: पंख, शेपूट, प्रोपेलरची पाती यांचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यावर हवा कोणत्या कोनातून आणि किती वेगाने येते ते बघायचं, त्यावरून बल काढायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. हे सेकंदाला अनेकदा चालतं. त्यामुळे एका बाजूचा पंख आधी स्टॉल झाला, म्हणजे त्याची उचल सुटली, की विमान तिकडे कलतं. प्रोपेलरचा झोत शेपटीवर जातो म्हणून थ्रॉटल दिला की रडर अंगात आल्यासारखा वागतो. तुम्ही मॉडेल बांधता, तेव्हा हे तुम्हाला सांगायला नको. हवेचा प्रवाह पूर्णपणे सोडवणारं हे गणित नव्हे, पुष्कळ ठिकाणी अंदाज आहेत. पण हाताला जे कळायला हवं ते बऱ्यापैकी कळतं.

आणि तुमच्यासाठी त्यात एक खास गोष्ट आहे, तिची कुणी फार जाहिरात करत नाही. एक्स-प्लेनबरोबर प्लेन मेकर नावाचं साधन येतं. पंखाची लांबी, मुळाशी आणि टोकाशी कॉर्ड (पंखाची रुंदी) किती, डायहेड्रल (पंखांचा वरचा कल) किती, कोणता एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार), इंजिन कुठे, गुरुत्वमध्य कुठे, हे भरायचं आणि ते विमान उडवून बघायचं. गुरुत्वमध्य थोडा मागे सरकवा आणि विमान कसं बेभरवशाचं होतं ते आत बसून अनुभवा. मॉडेलच्या नाकात शिसं भरणाऱ्या माणसाला याची गोडी लागल्याशिवाय राहणार नाही. मायक्रोसॉफ्टमध्येही विमान बनवता येतं, पण त्याला वेगळी साधनं आणि बराच अभ्यास लागतो.

मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर वाईट आहे असं अजिबात नाही. त्यांच्याच २००६ च्या जुन्या सिम्युलेटरवरून, एफएसएक्सवरून, जे मत बनलंय ते लोक अजून धरून बसतात. २०२० मध्ये त्यांच्यासाठी आसोबो कंपनीने केलेलं काम त्याच्या पार पुढचं आहे. खाली बघून वाट काढायचा सराव करायचा असेल, म्हणजे नदी, रेल्वेचा रूळ, तलावाचा आकार नकाशाशी ताडत जायचं, तर मी स्वतः मायक्रोसॉफ्टच सांगते. एकट्याने पहिलं लांबचं उड्डाण करायच्या आधी माझे विद्यार्थी तो मार्ग त्यावर उडून येतात आणि कुठल्या वळणावर गोंधळ होईल ते आधीच कळतं. पण तुमचा प्रश्न उतरण्याचा आहे, आणि संध्याकाळचं इंटरनेट तुमच्या बाजूने नाही. एक्स-प्लेनची जमीन डिस्कवर असते. ती तितकी देखणी नाही, पण लाइन गेली तरी धावपट्टी धूसर होत नाही.

आता पेडल. आरसीत रडर डाव्या अंगठ्याखाली असतो आणि खूप जण तो टेकऑफ सोडला तर विसरतात. पूर्ण आकाराच्या विमानात पाय सतत जिवंत हवेत. डावीकडे वळायला योक (हातातलं चाक) फिरवला की उजव्या पंखाचा खाली गेलेला एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचं हलतं पातं) लिफ्टबरोबर, म्हणजे उचलीबरोबर, ड्रॅगही, म्हणजे हवेचा अडथळाही, वाढवतो, आणि नाक क्षणभर उजवीकडे जातं. ते पायाने धरायचं असतं. दांडी पिळून रडर चालवायची जॉयस्टिक वाईट नाही, पण त्यात मनगट एलेरॉनही हलवतं. दोन्ही वेगळे करायला हात शिकतच नाही. माझ्याकडे येणाऱ्यांचे पाय जमिनीला चिकटलेले असतात, त्याचं हे मोठं कारण.

ट्रान्समीटर सुरुवातीला चालेल. ट्रान्समीटरमध्ये नवं कोरं मॉडेल तयार करा. त्यात काडीचा परिणाम बदलणारं काही नको: एक्स्पो नको, मिक्सिंग नको, ड्युअल रेट नको, सगळे ट्रिम शून्यावर. मग सिम्युलेटरमध्ये अक्ष कॅलिब्रेट करा. ट्रान्समीटरचा ट्रिम पुढे कधीच हलवायचा नाही, ट्रिमसाठी सिम्युलेटरमध्ये दोन बटणं नेमून द्या. थ्रॉटलची काडी स्प्रिंगशिवाय असते, हा तुमचा फायदा. तोटा म्हणजे काडीचा प्रवास इंचभर आणि योकचा हातभर. एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारं शेपटीचं पातं) फार तिखट लागेल. तिथे सेन्सिटिव्हिटीची वक्ररेषा थोडी मऊ करा, पण फार नको, नाहीतर फ्लेअरच्या वेळी, म्हणजे टेकायच्या आधी नाक उचलताना, ऐन क्षणी एलेव्हेटर पुरणार नाही.

ट्रिमबद्दल एक सांगायलाच हवं, कारण घरच्या उपकरणात आणि खऱ्या विमानात इथे मोठा फरक आहे. खऱ्या सेसनात वेग कमी केला की योक हाताला पुढे ओढतो. तुम्ही तो मागे ओढून धरता आणि हातावरचं वजन जाईपर्यंत ट्रिमचं चाक फिरवता. हात तिथेच राहतो, वजन जातं. घरच्या जॉयस्टिकला स्प्रिंग असते. तिथे ट्रिम फिरवताना काडी हळूहळू मध्यावर सोडत यावी लागते. ट्रिम करायची सवय लागणं महत्त्वाचं, कारण ट्रिम न करता विमानाशी झटापट करणारे फार. फक्त खऱ्या विमानात बसलात की हात सोडत येऊ नका, तिथल्या तिथे धरून ठेवा.

आणि शेवटी, सिम्युलेटरवर शिकलेल्यांची सगळ्यात चिवट सवय: डोळे पॅनलवरून हटत नाहीत. घरच्या मॉनिटरवर काट्यांइतकं ठळक दुसरं काहीच नसतं, म्हणून असं होतं. यावर माझा उपाय साधा आहे. मॉनिटरच्या खालच्या भागावर कागद चिकटवा, फक्त वेगाचा काटा उघडा ठेवा, आणि क्षितिज इंजिनच्या टोपणाच्या वर किती बोटं दिसतं यावरून उडवा. उंची सरळ राहायला लागली की कागद काढा.

खऱ्या उड्डाणाला उपयोग होतो का? चेकलिस्ट, रेडिओवरचं बोलणं, सर्किटमध्ये (उतरण्याआधी धावपट्टीभोवती घ्यायच्या फेरीत) कुठे काय करायचं याचा क्रम, यासाठी नक्की होतो. घरी बसून घालवलेले तास मात्र लॉगबुकात धरले जात नाहीत. त्यासाठी विमान वाहतूक प्राधिकरणाने मान्य केलेलं उपकरणच लागतं. एक्स-प्लेन तशा मान्यताप्राप्त उपकरणांत वापरतात, पण मान्यता हार्डवेअरसकट पूर्ण उपकरणाला असते, तुमच्या टेबलावरच्या प्रतीला नाही.

पेंग्विनवाला:

उजवीसीट ताईंनी फ्लाइटगिअरचं नाव घेतलं म्हणून राहवलं नाही. मी लिनक्सवर तोच वापरतो. विंडोज आणि मॅकवरही चालतो. १९९६-९७ पासून स्वयंसेवक तो बांधत आले आहेत, परवाना जीपीएल, म्हणजे फुकट तर आहेच, आतलं गणितही उघडून बघता येतं. उड्डाणाचं गणित करणारं जेएसबीसिम वेगळंही मिळतं आणि संशोधनातही वापरलं जातं. बांधणाऱ्या माणसासाठी ही मोठी गोष्ट आहे. विमानाचे गुणांक साध्या मजकूर फाइलीत असतात, एक आकडा बदला आणि पुन्हा उडवा.

त्यातलं सेसना १७२पी एकदा बघाच. उड्डाणाआधी बाहेर येऊन दोर सोडायचे, चाकांखालचे अडसर काढायचे, पिटोवरचं (वेग मोजणाऱ्या नळीवरचं) कव्हर काढायचं, इंधनाचा नमुना घेऊन त्यात पाणी आहे का बघायचं, तेल तपासायचं. कव्हर विसरलात तर धावपट्टीवर वेगाचा काटा हलत नाही. दमट हवेत कार्ब्युरेटर हीट लावली नाही तर बर्फ धरून इंजिन बसू शकतं, आणि सेटिंगमध्ये हे चालूही करता येतं.

सगळी विमानं अशी नाहीत, काही अर्धवट आहेत. निसर्गदृश्य साधं आहे. पण तुम्हाला हवं ते शिकायला तेवढं पुरतं.

बाल्साप्रेमी:

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं उत्तर तर छापून भिंतीवर लावलंय.

दोन्ही करून बघितलं, एक्स-प्लेनचा डेमो आणि फ्लाइटगिअर, सध्या ट्रान्समीटरवरच. तीन गोष्टी सतत होतायत. टेकऑफला पूर्ण थ्रॉटल दिला की विमान डावीकडे पळतं. हवेत नाक सरळ करायला जातो तर वरखाली, वरखाली होत राहतं. आणि उतरताना धावपट्टीच्या वर येतो, काडी मागे घेतो, पण विमान बसतच नाही, निम्मी धावपट्टी संपेपर्यंत तरंगत राहतं. दोन्ही सिम्युलेटरांत हेच, म्हणजे दोष सिम्युलेटरचा नसावा. हे ट्रान्समीटरमुळे आहे का?

आणि सिम्युलेटर खऱ्यासारखा वागतोय की नाही, हे माझ्यासारख्याने ओळखायचं कसं?

उजवीसीट:

तिन्ही गोष्टी बरोबर होतायत. विमान खऱ्यासारखं वागतंय म्हणूनच होतायत.

डावीकडे पळणं: सेसनाचा प्रोपेलर तुमच्या जागेवरून बघता घड्याळाच्या दिशेने फिरतो. त्याचा झोत पीळ घेत मागे जातो आणि शेपटीच्या उभ्या पात्याला डावीकडून लागतो, म्हणून नाक डावीकडे. टॉर्कही डाव्या चाकावर भार टाकतो. नाक वर उचललं की खाली येणारं पातं जास्त हवा कापतं, त्याचीही भर पडते. उपाय उजवा पाय, आणि तो नाक वळायच्या आधी द्यायचा, वळल्यावर नाही. थ्रॉटल एकदम न देता मनात तीन मोजत द्या. तुमच्या ट्रान्समीटरवर थ्रॉटल आणि रडर एकाच काडीवर असतील तर अंगठा वर ढकलताना आडवाही सरकतो, तेही बघा. पेडल आली की हे संपेल.

वरखाली होणं: मॉडेलचं वजन किलोत. काडी हलवली की लगेच नाक हलतं, म्हणून तुमचे डोळे आणि बोटं तेवढ्या झटपट उत्तराला सरावलेली आहेत. सेसना १७२एसचं पूर्ण वजन १,१५७ किलो. नाक उचललं तरी वेग आणि उंचीचे काटे बदलायला काही क्षण जातात. तुम्ही काट्याचा पाठलाग करताय, तो पोचेपर्यंत दुसरी दुरुस्ती देताय. क्षितिजावर नाकाची जागा ठरवा, तिथे धरा, थांबा, मग ट्रिम करा. कागद चिकटवायला सांगितलं ते याचसाठी.

तरंगणं: अंतिम टप्प्यात तुमचा वेग किती होता ते लिहिलं नाहीत, पण ७५ नॉटच्या आसपास असणार असा माझा अंदाज. पूर्ण फ्लॅपवर (पंखाच्या मागच्या कडेची पाती पूर्ण खाली घेऊन) १७२एस ६५ च्या आसपास आणायचं. दहा नॉटने काय होतं असं वाटतं, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे एक तृतीयांश जास्त. ती सगळी धावपट्टीच्या वर घालवायची असते, आणि तिथेच ग्राउंड इफेक्ट आडवा येतो. पंखांचा पसारा ११ मीटर, त्याच्या निम्म्याहून खाली आलात की ड्रॅग कमी होतो आणि विमान सरकतच राहतं. काडी ओढून ते बसणार नाही, उलट वर फुगेल. वेग आधी, फ्लेअर नंतर. धावपट्टीच्या अलीकडे ६५ जमला नाही तर उतरायचा हट्ट सोडा, पूर्ण थ्रॉटल द्या आणि पुन्हा फेरी मारा. घरी फुकट मिळणारी ही सवय खऱ्या विमानात लाखमोलाची आहे.

फ्लेअरच्या वेळी नजर धावपट्टीच्या पार टोकाला ठेवा. खऱ्या विमानात जमीन किती खाली आहे हे डोळ्यांच्या कडांनी कळतं. एका मॉनिटरवर त्या कडा नसतात, म्हणून घरी उतरणं काही बाबतीत खऱ्यापेक्षा अवघड वाटतं. दृश्याचा कोन थोडा रुंद करून बघा. वेबकॅमवर डोकं ओळखणारं ओपनट्रॅक फुकट आहे, सर्किटमध्ये मान वळवून धावपट्टी बघायला ते फार कामाचं. व्हीआरमध्ये खोलीचा अंदाज सर्वांत चांगला येतो, पण ट्रान्समीटरवरची बटणं दिसत नाहीत.

आता सिम्युलेटर कसा तपासायचा. मी नवं काही बघते तेव्हा आधी निसर्ग बघतच नाही. शांत हवेत सेसना ९० नॉटवर सरळ ट्रिम करते. मग नाक हलकेच वर घेऊन वेग दहा-पंधरा नॉट उतरवते आणि हात सोडून देते. नाक आपोआप खाली जायला हवं, वेग ९० च्या वर जायला हवा, मग नाक पुन्हा वर, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा लहान होत शेवटी ९० वर यायला हवं. एका हेलकाव्याला सुमारे वीस-पंचवीस सेकंद. याला फ्युगॉइड म्हणतात, लँचेस्टरने १९०८ मध्येच त्याचं गणित मांडलं होतं. विमान काडी सोडल्याबरोबर खिळल्यासारखं सरळ होत असेल तर ते विमान नव्हे.

दुसरं, पाय न वापरता झटकन डावीकडे कलवा. नाक आधी थोडं उजवीकडे जायला हवं आणि पॅनलवरची, विमान घसरतंय का ते दाखवणारी गोळी बाजूला सरकायला हवी. तिसरं, सरळ उडताना फ्लॅप पहिल्या खाचेत टाका. पंख वर असलेल्या सेसनात नाक वर उचललं जायला हवं. चौथं, थ्रॉटल बंद करून नाक उचलत न्या. फ्लॅप नसताना ४८ नॉटच्या आसपास स्टॉल यावा, आणि त्याच्या पाच-दहा नॉट आधी हॉर्न वाजायला हवा. एवढ्यावर पास झाला तर सरावाला घ्यायला हरकत नाही. जमिनीवरचं वागणं, टायरची पकड, स्पिन, या गोष्टींत घरचे सगळेच कच्चे आहेत. तिथे एकाच्या दोषासाठी दुसऱ्याकडे धावू नका.

आणि तुमच्या मूळ हौसेकडे, आडवा वारा. हवामान हाताने सेट करा. वारा धावपट्टीला काटकोनात डावीकडून, १० नॉट, झोके शून्य, टर्ब्युलन्स शून्य. सेसनाच्या पुस्तकात दाखवून दिलेला आडवा वारा १५ नॉट आहे, त्यापर्यंत नंतर जा. ६५ नॉटवर येताना नाक वाऱ्याकडे साधारण नऊ अंश ठेवावं लागतं, तेव्हा विमान धावपट्टीच्या रेषेवर सरळ येतं. काचेच्या उजव्या अर्ध्यात धावपट्टी दिसते. पहिल्यांदा हे सगळ्यांनाच खटकतं आणि लोक नाक धावपट्टीकडे वळवतात. वळवू नका.

धावपट्टीच्या सुरुवातीवर आलात की उजवा पाय हळूहळू द्या, नाक धावपट्टीला समांतर होईल. त्याच क्षणी वारा विमान उजवीकडे ढकलायला लागेल, म्हणून डावीकडे एलेरॉन. डावा पंख खाली, उजवा पाय दाबलेला, नाक सरळ. हात एकीकडे आणि पाय दुसरीकडे. डावं चाक आधी टेकेल, मग उजवं, मग नाकाचं. आणि इथे बहुतेक जण सुटले म्हणून हात मध्यावर आणतात. वेग कमी होतो तसा एलेरॉनचा जोर कमी होतो, म्हणून तो डावीकडे आणखी वाढवत पूर्ण न्यायचा असतो. डावा पंख वाऱ्याने उचलला जाऊ नये, यासाठी.

हे अंगठ्याने जमेल. पण पायाने केलं की कळेल मी पेडलसाठी एवढी का भांडते ते.

थर्मलशोधक:

उशिरा येतोय, पण एक पर्याय कुणी सुचवला नाही. हाताने उडवायची एवढी हौस असेल तर ग्लायडरचा विचार करा. फक्त ग्लायडरसाठी कॉन्डॉर नावाचा सिम्युलेटर आहे, आणि ग्लायडिंगवाल्यांमध्ये सरावासाठी त्याचं मोठं नाव आहे. डोंगराच्या उतारावरची चढती हवा, थर्मल (तापलेल्या हवेचे वर जाणारे झोत), डोंगरापलीकडच्या हवेच्या लाटा, हे त्यात फार मन लावून केलंय. इंजिन नाही म्हणजे थ्रॉटलचा आवाज नाही, फक्त वेग आणि पाय. ग्लायडरच्या लांब पंखांमुळे ताई म्हणतात तो नाकाचा उलटा कल भरपूर असतो. काचेवर लोकरीचा धागा बांधलेला असतो, तो सरळ राहिला की पाय बरोबर. धावपट्टीवर पुन्हा फेरी मारायची सोय नाही, म्हणून उंचीचा हिशेब आपोआप पक्का होतो.

वेगळं घ्यायचं नसेल तर एक्स-प्लेन १२ मध्ये १७ मीटर पंखांचं एएसके २१ आहेच. तेवढ्यानेही पाय जागे होतात.

बाल्साप्रेमी:

ठरलं. पेडल आधी, ती आली की एक्स-प्लेन १२. तोवर फ्लाइटगिअरवर रोज कागद चिकटवून बसतो. ताई, तुम्ही सांगितलेला हेलकावा दोन्हीकडे मोजला. तेवीस-चोवीस सेकंद आला, आणि विमान खरंच स्वतःहून ९० वर परत आलं. मी बघत बसलो. ६५ ने आलो तर धावपट्टीच्या पहिल्या एक तृतीयांश भागात टेकलं. प्लेन मेकरमध्ये माझंच एक मॉडेल पूर्ण आकारात उभं करायचा बेत आहे, तो धागा वेगळा काढेन.

एक शेवटचं, पेडल जोडताना काय बघायचं?

उजवीसीट:

चोवीस सेकंद आला हे वाचून फार बरं वाटलं. मोजणारी माणसं पटकन शिकतात.

पेडल: खुर्चीला चाकं असतील तर ती आधी अडवा. पाय दाबला की पेडल पुढे आणि खुर्ची मागे जाते, आणि नेमकं ते फ्लेअरच्या वेळी होतं. पेडलांखाली घसरणार नाही असं काही घाला, किंवा एक पट्टा पेडल ते खुर्ची असा बांधा. टाच जमिनीवर, रडर पायाच्या चवड्याने. ब्रेक वरच्या भागावर असतो, उतरताना चवडा तिथपर्यंत चढू देऊ नका, नाहीतर ब्रेक दाबलेल्या चाकांवर टेकाल.

जोडल्यावर तिन्ही अक्ष वेगवेगळे दिसतायत का बघा: रडर, डावा ब्रेक, उजवा ब्रेक. ब्रेक पुष्कळदा उलटे येतात, म्हणजे पाय काढला की पूर्ण दाबलेले. तसं झालं तर सेटिंगमध्ये त्या अक्षासमोर 'रिव्हर्स' वर टिक करा. विमान पूर्ण थ्रॉटलवरही जागचं हलत नाही अशी तक्रार येते, तिचं कारण बऱ्याचदा हेच असतं. रडरला मध्यावर अगदी थोडा डेड झोन ठेवा, जास्त नको, नाहीतर लहान दुरुस्त्या विमानापर्यंत पोचणारच नाहीत. आणि ट्रान्समीटरवरचा रडर सिम्युलेटरमध्ये 'काही नाही' वर टाका, दोन रडर एकाच वेळी जोडलेले राहिले की ते एकमेकांशी भांडतात.